कोष्टकातील अक्षरांचा पोशाख

मी मराठीचा अध्यापक. वर्गात अलंकार आणि वृत्तं शिकवणाऱ्या माणसाने संगणकावरच्या कोष्टकांविषयी बोलावं, हे आपल्यापैकी काहींना थोडं चमत्कारिक वाटेल. पण हल्ली प्राध्यापकाच्या हातात खडू जितका वेळ असतो, त्याहून अधिक वेळ कळफलक असतो. हजेरी, अंतर्गत गुण, ग्रंथालयाची यादी, सहलीचा हिशेब, सारं काही त्या चौकटीचौकटींच्या कागदावर भरावं लागतं. इंग्रजीत त्याला स्प्रेडशीट म्हणतात. जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या रुंद, दोन पानांवर पसरलेल्या कागदाचं हे नाव. तो कागद संगणकात शिरला १९७९ साली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघांनी तयार केलेल्या त्या पहिल्या लोकप्रिय अवताराचं नाव होतं व्हिसिकॅल्क. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं. १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी एक्सेल आलं, ते १९८७ मध्ये विंडोजवर आलं, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांतून तेच ठाण मांडून बसलेलं आहे.

या कोष्टकातल्या एकेका चौकटीला सेल म्हणतात. मी तिला 'घर' म्हणतो. सोंगट्यांच्या पटावर घरं असतात, तशी ही घरं. त्या घरातल्या अक्षरांना नि आकड्यांना कपडे कसे चढवावेत, आणि तेही माउसला हात न लावता, नुसत्या कळींनी, हा आजचा विषय. तेव्हा जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसावं, ही विनंती.

प्रथम, कपडे हवेतच कशाला? हा प्रश्न रास्त आहे. आकडा तो आकडा. तो जाड दिसला काय नि बारीक दिसला काय! पण आपले जुने कारकून असं मानत नसत. मोडी लिहिणारा माणूस आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरं लटकावीत जाई. बेरजेच्या वर एक रेघ आणि बेरजेच्या खाली दोन रेघा, ही जमाखर्चातली रीत. खालच्या दोन रेघांचा अर्थ असा, की हिशेब इथे मिटला, याच्या पुढे काही मिळवू नये. म्हणजे रेघ ही शोभेची वस्तू नव्हे. ती बोलते. वाचणाऱ्याची नजर कुठे थांबावी, कशाला महत्त्व द्यावं, हे ती सांगते. अक्षरांचा पोशाख हीसुद्धा एक भाषाच आहे, आणि भाषा म्हटली की मराठीच्या मास्तराला तीत थोडं नाक खुपसण्याचा अधिकार पोचतो!

आता कळींकडे वळू. मी सांगतो त्या साऱ्या एक्सेलमधल्या, आणि विंडोजवरच्या संगणकावरच्या. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात खाली 'कंट्रोल' नावाची कळ असते. ती एका बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने अक्षराची कळ दाबायची. कंट्रोल आणि बी म्हणजे ठळक. कंट्रोल आणि आय म्हणजे तिरकं. कंट्रोल आणि यू म्हणजे अधोरेखित. तीच कळ पुन्हा दाबली की तो पोशाख उतरतो. चौथी कळ फारशी कुणाला ठाऊक नसते. कंट्रोल आणि ५ दाबलं की मजकुराच्या मधोमध आडवी रेघ जाते. काम झालं, पण नोंद तर राहिली पाहिजे, अशा वेळी ही फार उपयोगी. मी सहलीच्या यादीत ज्याचे पैसे परत केले त्याचं नाव पुसत नाही, त्याच्यावर ही रेघ मारतो.

या चौघांपैकी तिरक्या अक्षराविषयी मला थोडं बोलायचं आहे. तिरकं अक्षर जन्माला आलं व्हेनिसमध्ये. तिथला मुद्रक आल्डुस मानुटियुस याने १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची छोटी आवृत्ती छापली, ती याच वळणाच्या टाइपात. हस्तलिखिताची ती धाटणी होती. रोमन लिपीने पुढे ती आपलीशी केली. पुस्तकाचं नाव, परका शब्द तिरका छापायचा, असा तिथे प्रघात पडला. आपल्या देवनागरीत असा घरचा तिरका टाइप नाही. संगणक सरळ अक्षराला एका बाजूला ढकलतो, इतकंच. आणि मग काना कलतो, शिरोरेखा मात्र आडवीच राहते. तेव्हा मराठी मजकुराला ठळक करावं, तिरकं शक्यतो करू नये. अधोरेखितही जपून करावं. आपल्या उकारांचा आणि ऋकाराचा संसार अक्षराच्या खालीच असतो, आणि ती रेघ नेमकी त्यांच्यातून जाते. 'कृपया' हा शब्द अधोरेखित करून पाहा, म्हणजे माझं म्हणणं पटेल.

पुष्कळांची अडचण याच्या पुढची असते. घरातल्या साऱ्या मजकुराला नव्हे, तर त्यातल्या एकाच शब्दाला ठळक करायचं असतं. ग्रंथालयाच्या यादीत एका घरात 'श्यामची आई, साने गुरुजी' असं लिहिलेलं आहे. पुस्तकाचं नाव ठळक हवं, लेखकाचं साधं. नुसतं कंट्रोल-बी दाबलं तर सगळंच ठळक होतं. अशा वेळी आधी घराचं दार उघडून आत जावं लागतं. त्याची किल्ली म्हणजे एफ-टू ही कळ. ती दाबली की आत लुकलुकणारी उभी रेघ दिसू लागते. होम ही कळ दाबून ओळीच्या आरंभी जावं, शिफ्ट दाबून धरून उजव्या बाणाने हवी तेवढी अक्षरं निवडावीत, मग कंट्रोल-बी, आणि शेवटी एंटर. झालं काम! ही सोय मात्र मजकुरापुरती. घरात आकडा असेल किंवा गणिताचं सूत्र असेल, तर त्याचा अर्धा भाग ठळक नि अर्धा साधा असं करता येत नाही.

घराच्या आतच दुसरी ओळ सुरू करायची असेल तर? पत्ता लिहिताना हे हटकून लागतं. नाव, मग गाव, मग तालुका, मग पिन कोड. एंटर दाबावं तर संगणक खालच्या घरात उडी मारतो. मग आमच्यासारखे लोक काय करतात, तर स्पेसची कळ दहा-वीस वेळा दाबून शब्दाला खालच्या ओळीवर ढकलतात. रकाना थोडा रुंद केला की तो सगळा पत्ता विस्कटतो. इथे कळ आहे ऑल्ट आणि एंटर. घरात लिहिता लिहिताच ती दाबली की नवी ओळ सुरू होते आणि आपण घरातच राहतो.

आता आकड्यांचे पोशाख. कंट्रोल आणि शिफ्ट या दोन्ही कळा दाबून धराव्यात आणि वरच्या ओळीतला १ दाबावा. आकड्यात स्वल्पविराम येतात आणि दशांशाची दोन स्थळं येतात. ४ दाबला तर चलनाचं चिन्ह लागतं. ५ दाबला तर शेकडेवारी. ७ दाबला तर निवडलेल्या घरांभोवती चौकट. शेकडेवारीत मात्र एक मेख आहे. घरात आधीपासून ४० लिहिलेलं असेल आणि आपण शेकडेवारीचा पोशाख चढवला, तर समोर ४००० टक्के उभे राहतात! कारण संगणकाच्या लेखी शंभर टक्के म्हणजे १. त्याचं काही चुकलेलं नसतं. आपण ०.४ लिहायला हवं होतं.

आणखी दोन कळा सांगतो. कंट्रोल आणि १ दाबलं की कपड्यांचं अख्खं कपाट उघडतं. टाइप, रंग, रेघा, दशांशस्थळं सारं तिथे असतं. जमाखर्चातल्या त्या जोडरेघाही तिथे सापडतात. आणि एफ-फोर ही कळ आपण नुकतीच केलेली कृती पुन्हा करते. एका घराला पिवळा रंग दिला, मग दुसऱ्या घरावर जाऊन एफ-फोर दाबलं की त्यालाही पिवळा. काही लहान संगणकांवर या वरच्या कळांसाठी 'एफ-एन' नावाची कळ सोबत दाबावी लागते, एवढं ध्यानात ठेवावं.

इथवर सारं सुखाचं झालं. आता माझी फजिती सांगतो. ती सांगितल्याखेरीज हे भाषण मला पुरं करता यायचं नाही.

काही वर्षांपूर्वी एका वर्गाच्या अंतर्गत गुणांचा तक्ता माझ्याकडे होता. दोन चाचण्या, प्रत्येकी वीस गुणांच्या. पहिल्या चाचणीचा रकाना, त्याच्या उजवीकडे दुसऱ्या चाचणीचा, त्याच्या उजवीकडे बेरीज. रात्री उशिरा आकडे भरून झाले आणि माझ्या ध्यानात आलं, की दुसऱ्या चाचणीच्या रकान्यात सात आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटलेले आहेत, बाकीचे सगळे उजव्या कडेला. तक्ता कसा तिरपागडा दिसत होता. नीटनेटकेपणाची मला हौस. पत्र लिहिण्याच्या वर्ड या साधनात कंट्रोल आणि आर दाबलं की मजकूर उजवीकडे सरकतो, हे मला पाठ होतं. मी एकेका घरावर गेलो आणि कंट्रोल-आर दाबत गेलो. आकडा टुणकन् उजवीकडे! सातही आकडे रांगेत आले. मी समाधानाने तक्ता जतन केला, बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची प्रत फलकावर लावली.

दुपारी एक विद्यार्थिनी आली. म्हणाली, "सर, दुसऱ्या चाचणीत मला सतरा होते. फलकावर आठ आहेत."

मी तक्ता उघडला आणि म्हणालो, "इथे आठच आहेत. पहिल्या चाचणीतही आठ, दुसऱ्या चाचणीतही आठ."

"पहिलीत आठ बरोबर आहेत, सर. तेव्हा मी आजारी होते. दुसरीत सतरा होते. तुम्हीच पेपर दाखवला होता."

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात आलं, की पोरीचा काहीतरी गोंधळ होतो आहे. संगणक कशाला खोटं सांगेल! तरीही ती हलेना, म्हणून मी कपाटातून गठ्ठा काढला. उत्तरपत्रिकेवर माझ्याच हातचे, लाल शाईचे सतरा गुण होते.

मला घाम फुटला. ते सातही पेपर काढून ताडून पाहिले. सातांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या चाचणीत पहिल्याच चाचणीचे गुण पडले होते! कारण एक्सेलमध्ये कंट्रोल-आर म्हणजे 'उजवीकडे सरकव' नव्हे. तिथे त्याचा अर्थ आहे 'डावीकडच्या घरातलं या घरात भर'. ती कळ डाव्या घरातला आकडा उचलते आणि या घरात आणून ठेवते, आणि त्याच्यासोबत त्याचे कपडेही आणते. डावीकडचे आकडे उजव्या कडेला होते, म्हणून हेही उजव्या कडेला आले. मला हवं तसं दिसलं, आणि माझं लक्ष कडेवर होतं, आकड्यावर नव्हतंच. तक्ता बंद करून झालेला होता, म्हणून कंट्रोल-झेड दाबून मागे येण्याची वाटही उरली नव्हती.

मौज इथेच संपत नाही. ते सात आकडे मुळात डावीकडे का गेले होते? एक्सेलची अशी रीत आहे, की आकडा आपणहून उजवीकडे उभा राहतो आणि मजकूर डावीकडे. त्या सात घरांना 'इथे मजकूर आहे' असं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं होतं. तेव्हा तिथला सतरा हा संगणकाच्या लेखी आकडा नव्हताच. ती एक आणि सात अशी दोन नुसती चिन्हं होती. बेरजेच्या सूत्राने त्यांना मोजलंही नव्हतं. म्हणजे मी हात लावण्यापूर्वी त्या मुलीची बेरीज आठ होती, मी हात लावल्यावर ती सोळा झाली, आणि खरी होती पंचवीस. डावीकडे सरकलेला आकडा हे दुखण्याचं लक्षण होतं. मी दुखणं न पाहता लक्षण झाकायला निघालो, आणि दुखणं दुप्पट करून ठेवलं.

त्या सातांत एक विद्यार्थी असा होता, की त्याला पहिल्या चाचणीत अठरा आणि दुसरीत अकरा होते. माझ्या कृपेने त्याचे छत्तीस झाले होते. तो काही माझ्याकडे आला नाही. त्याला दोष मी देत नाही. त्या वयात मी तरी गेलो असतो की नाही कोण जाणे. पण त्याचे गुण दुरुस्त करताना मला त्याला बोलावून सारं समजावून सांगावं लागलं, आणि ते त्या मुलीची क्षमा मागण्याहून अवघड गेलं.

तेव्हापासून मी एक धडा गाठीशी बांधला. कळीचा अर्थ त्या त्या घरात बदलतो. वर्डमध्ये कंट्रोल-ई म्हणजे मजकूर मध्यभागी. एक्सेलच्या २०१३ नंतरच्या आवृत्त्यांत तीच कळ वरचा नमुना पाहून खालची घरं आपल्या अंदाजाने भरू लागते. लिबरऑफिसच्या कोष्टकात कंट्रोल-आर खरोखरच उजवीकडे सरकवते, आणि गूगलच्या कोष्टकात ती एक्सेलसारखीच शेजारचं भरते. शब्दाचं जसं असतं तसंच हे. एकच शब्द कोकणात एका अर्थाने येतो नि वऱ्हाडात दुसऱ्या. परगावी गेल्यावर माणसाने बोलण्याआधी थोडं ऐकावं, तसं परक्या कोष्टकात कळ दाबण्याआधी थोडं पाहावं.

दुसरा धडा याहून खोल आहे. पोशाख बदलल्याने आतला माणूस बदलत नाही. समजा, एखाद्याची सरासरी ३९.६ आली. तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून आपण दशांशस्थळं काढून टाकली. कागदावर ४० दिसू लागलं. शेजारच्या रकान्यात 'चाळीस किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण' असं सूत्र आहे. ते सूत्र काय म्हणेल? 'अनुत्तीर्ण' म्हणेल. कारण त्याला आतला ३९.६ दिसतो, आपल्याला बाहेरचा ४० दिसतो. मग पालक तक्ता हाती घेऊन येतात आणि विचारतात, "चाळीस असून नापास कसा?" आपल्यापाशी उत्तर नसतं. अपूर्णांक पूर्ण करायचा की नाही, हे नियमाने ठरवायचं आणि तसं सूत्रातच लिहायचं. तो निर्णय पोशाखावर सोडून चालत नाही.

आणि याच्या उलटही घडतं. कधी कधी कोष्टक आपण न सांगता कपडे चढवतं आणि त्या नादात आतला माणूसही बदलून टाकतं. हजेरी क्रमांक ००७ लिहावा तर त्याचा ७ होतो. तुकडी आणि क्रमांक म्हणून ३-१२ लिहावं तर त्याची तारीख होते. हे केवळ माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराच्या बाबतीत होतं असं समजू नका. जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 'मार्च-वन', 'सेप्ट-वन' अशी जनुकांची नावं घरात लिहिली, आणि एक्सेलने ती मार्च नि सप्टेंबर महिन्यांतल्या तारखा समजून बदलली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असं आढळलं, की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका शिरल्या आहेत. अखेर २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. माणसाने यंत्रापुढे हार खाऊन बारशाची नावं बदलावीत, असा हा प्रकार! आपल्याला तेवढं करायला नको. घर रिकामं असतानाच कंट्रोल-१ दाबून 'मजकूर' हा प्रकार निवडावा, किंवा लिहिण्याच्या आधी एक अवतरणचिन्ह द्यावं, म्हणजे लिहिलेलं तसंच राहतं. मात्र ज्याची बेरीज करायची आहे, अशा आकड्याच्या वाटेला हा उपाय जाऊ देऊ नये. माझे ते सात आकडे याच औषधाने आजारी पडले होते.

तर श्रोतेहो, कळा मी आपल्याला सांगितल्या. त्या सगळ्या एकदम पाठ करू नयेत. ज्या कामाला दिवसातून दहा वेळा माउसकडे हात जातो, त्या कामाची एकच कळ आठवडाभर वापरावी. बोटांना ती सापडली की दुसरी घ्यावी. नवी कळ प्रथम तक्त्याच्या नकलेवर करून पाहावी. ती दाबल्यावर कपड्यांकडे न पाहता आधी आकड्याकडे पाहावं, आणि काही वावगं दिसलं तर तिथल्या तिथे कंट्रोल-झेड दाबावं. तक्ता बंद केल्यावर ती संधी जाते. आणि मूळ कागद, मग ती उत्तरपत्रिका असो, पावती असो की हजेरीपट असो, तपासणी पुरी होईपर्यंत जपून ठेवावा.

त्या मुलीने पदवी घेतली, आता ती एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. मध्यंतरी भेटली तेव्हा मी गमतीने विचारलं, "काय गं, कंट्रोल-आर दाबतेस की नाही?" ती हसली आणि म्हणाली, "दाबते ना सर. पण आधी डावीकडे बघते."

याहून नेमकं मला काही सांगता येणार नाही.